हवेतला टाका

माहीमच्या माणसाला बुधवार विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. सेंट मायकेलच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थना होतात, आणि त्या दिवशी लेडी जमशेटजी रस्त्यावर माणसांचा असा पूर लोटतो की शाळेतून घरी येणाऱ्या मुलांना वाट काढावी लागते. पदपथावर मेणबत्त्यांची दुकाने लागतात. मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची छोटी घरे. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे असते, ते त्याने घ्यावे. नवस बोलायला येणाऱ्यांत आमच्यासारखे हिंदूही पुष्कळ. १९९४ साली, मी तेरा वर्षांची असताना, अशाच एका बुधवारी मी शाळेतून येत होते, आणि त्या मेणाच्या दुकानांच्या शेवटी, पत्र्याच्या एका ट्रंकेवर चादर अंथरून माझी आई बसलेली मला दिसली. चादरीवर क्रोशाच्या लेसची आठ तोरणे मांडली होती. लेस पांढरी असते अशी माझी समजूत. ही तोरणे लाल, हिरवी, हळदी रंगाने रंगवलेली होती.

मला लाज वाटली. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. आज शाळेत शिवण शिकवताना मुलींसमोर ही गोष्ट मी सांगते, पण त्या दिवशी मी पलीकडून गेले हे खरे.

आई तिथे येऊन का बसली, याची हकीगत सांगायची तर थेट व्हेनिसपर्यंत जावे लागेल. वाचकांनी घाबरू नये, लवकरच परत येऊ.

लेस म्हणजे काय, असा प्रश्न मी दरवर्षी नव्या वर्गाला विचारते. मुली म्हणतात, झालर. एक चुणचुणीत मुलगी एकदा म्हणाली, "बाई, दोऱ्याने बांधलेली भोके." याहून चांगली व्याख्या मला अद्याप मिळालेली नाही. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या बायकांनी कापडावर भरतकाम करता करता खालचे कापडच काढून टाकले आणि नुसता टाका शिल्लक ठेवला. त्याला त्यांनी नाव दिले 'पुंतो इन आरिया', म्हणजे हवेतला टाका. इकडे फ्लँडर्समध्ये लाकडी गुट्ट्यांवर दोरे गुंडाळून, उशीवर टाचण्या रोवून, दोऱ्यांची वेणी घालायची दुसरी रीत निघाली. दोन्ही प्रकारची लेस इतकी महाग की राजेरजवाडे गळ्याभोवती ती मिरवीत. फ्रान्सचा पैसा लेसपायी व्हेनिसला जातो हे पाहून तिथला मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये सरकारी लेसचे कारखाने काढले आणि व्हेनिसच्या कारागीर बायका फोडून आणल्या. सुईवर चालणाऱ्या बायकांच्या हातांसाठी दोन राज्ये भांडली, असे उदाहरण इतिहासात विरळाच.

त्याच १६६५ साली इकडे मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या हाती गेली. ब्रागान्झाच्या कॅथरीनच्या लग्नाचा करार १६६१ चा. पण प्रत्यक्ष ताबा मिळायला चार वर्षे गेली, आणि माहीम त्या आंदणात येते की नाही यावरून तंटा झाला तो वेगळाच. पोर्तुगीज म्हणत, मुंबई दिली, माहीम नाही दिले. इंग्रजांनी ते घेतले. पोर्तुगीज गेले तरी त्यांच्या काही गोष्टी राहिल्या: चर्च राहिले, पाव राहिला, आडनावे राहिली. आणि गोव्याहून मुंबईला पोटासाठी येणाऱ्या कुटुंबांबरोबर क्रोशाची सुईही येत राहिली.

आमच्या वाडीत, आमच्या भिंतीला भिंत लावून, एक गोवेकर आण्टी राहत. त्या साष्टीकडच्या. त्यांच्या टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर, येशूच्या तसबिरीखाली, जिथे म्हणून सपाट जागा तिथे लेस असे. आईला क्रोशा त्यांनी शिकवला. साखळी कशी घालायची, खांब कसा उभा करायचा, मुका खांब कुठे घ्यायचा, हे सगळे दुपारच्या वेळी, दोन दारांच्या मधल्या उंबऱ्यावर बसून. आण्टी लेसला 'रेंद' म्हणत. पुढे मी कुतूहलाने शोध घेतला तेव्हा कळले की पोर्तुगीज भाषेत 'रेंदा' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक लेस, दुसरा भाडे किंवा उत्पन्न. व्युत्पत्तीने ते दोन शब्द वेगळे असतील, पण उच्चार एकच. आण्टींना हे सांगितले तर त्या हसून म्हणाल्या, "आमच्या घरांत दोनूय एकच, बाय. रेंद विणून रेंद भरलां."

आता आण्टींच्या हातातली ती एक सुई मोठी गमतीची आहे. व्हेनिसच्या लेसला नजर लागते आणि वर्षांची तालीम लागते. फ्लँडर्सच्या लेसला उशी, टाचण्या आणि डझनांनी गुट्ट्या लागतात. क्रोशाला एक आकडीची सुई आणि एक रीळ. सुई नसली तर तार घासून आकडी करता येते. कामही कुठेही थांबवता येते. दूध उतू जाऊ लागले तर सुई खाली ठेवावी, टाका सुटत नाही. म्हणून क्रोशा ही गरिबाची लेस झाली. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक सडून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकच्या मठातल्या आणि इतर ठिकाणच्या नन्सनी खेड्यांतल्या बायकामुलींना क्रोशा शिकवला. ज्या घरातल्या पुरुषाला काम उरले नव्हते, ते घर मुलीच्या सुईवर तगले. ती लेस लंडन-पॅरिसच्या बायकांच्या अंगावर गेली.

मात्र तोवर हाताच्या लेसचे मोल घसरले होते. इंग्लंडात हीथकोट नावाच्या माणसाने १८०९ मध्ये लेसची जाळी विणणारे यंत्र पेटंट केले. १८१६ मध्ये कामगारांनी त्याच्या लफबरोच्या कारखान्यात शिरून यंत्रे फोडली. तो दुसऱ्या गावी गेला आणि यंत्रे पुन्हा उभी राहिली. यंत्राची लेस गजावर मिळू लागली. मग हाताची लेस कुठे जाणार? जिथे हात स्वस्त तिथे. आपल्या देशात नागरकोइलला मिशनरी मॉल्ट यांच्या पत्नीने १८२० च्या सुमारास मुलींना लेस शिकवायला सुरुवात केली. त्रावणकोरात तेव्हा गुलामगिरी होती, आणि तिथल्या काही मुलींनी लेसच्या कमाईतून आपली सुटका विकत घेतली. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. दोऱ्याची भोके विकून माणूसपण विकत घ्यायचे!

दुसरी जागा नरसापूर. आपल्या त्र्यंबकला उगम पावणारी गोदावरी आंध्रात जिथे समुद्राला मिळते, तिथले हे गाव. १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी जोडप्याने तिथे लेस रुजवली, आणि पुढे त्या टापूतल्या घराघरांत क्रोशाची सुई पोचली. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या गावावर मारिया मीस नावाच्या जर्मन विदुषीने १९८२ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. तिला दिसले ते असे: बायका घरचे सगळे सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणतात, मजुरी नगावर, आणि तीही नाममात्र, माल परदेशी जातो, दोरा देणारे, माल उचलणारे, निर्यात करून बंगले बांधणारे सगळे पुरुष. आणि कामाचे नाव काय? फावल्या वेळचा उद्योग. बाई ही गृहिणी, ती काही कामगार नव्हे, असे एकदा ठरवले की तिच्या आठ तासांचा हिशोब मांडावाच लागत नाही.

ते पुस्तक ज्या वर्षी निघाले त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक, परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. त्या संपाची कथा सर्वांना ठाऊक आहे, ती मी इथे उगाळीत नाही. पुष्कळांची नोकरी परत आली नाही. आमच्या घरचीही नाही. बाबांनी पुढे मिळेल ते केले. पण मधल्या वर्षांत चूल पेटली ती आईच्या क्रोशावर.

आईला काम देणारा व्यापारी होता. त्याचे नाव-गाव सांगत नाही. त्याच्यासारखे अनेक होते आणि त्याला कोणी वाईट माणूस म्हणत नसे. तो दोरा तोलून द्यायचा आणि विणलेली लेस तोलून घ्यायचा. वजनात घट आली तर दोऱ्याचे पैसे कापले जायचे. दोऱ्याची टोके कातरली जातात, गाठी जातात, त्यामुळे घट येणारच, पण तराजूला हे कोण सांगणार? वाडीतली एक हुशार बाई लेसला जरा जास्त खळ घालायची. खळीने वजन भरते. आईला ते जमत नसे. सचोटीपेक्षा भित्रेपणा अधिक, असे तीच म्हणते.

१९९१ च्या जनगणनेला गणनेचे मास्तर आमच्या दारात आले. बाबांना नाव, वय, शिक्षण विचारून झाले. मग, "बाई काय करतात?" आई तिथेच पाटावर बसून विणत होती. बाबा म्हणाले, "काही नाही. घरीच असते." मास्तरांनी लिहून घेतले. आई काही बोलली नाही. मला तेव्हा त्यात काही खटकले नाही, आणि बाबांनाही खटकले नसावे. ते खोटे बोलत नव्हते. आमच्या भाषेत ते असेच म्हणतात.

आपल्या मुंबईत याचा विचार कोणी केला नव्हता असे नाही. प्लेगच्या वर्षांमागोमाग, १९०३ मध्ये, पारशी बायकांनी स्त्री जरथोस्ती मंडळ काढून गरजू बायकांना शिवणाचे काम दिले. मलबारी आणि दयाराम गिदुमल यांचे सेवासदन १९०८ चे. नवाजबाई टाटांनी १९२८ मध्ये काढलेल्या संस्थेत पारशी बायकांच्या हातची साडीची कोर आणि खाण्याचे पदार्थ विकले जात. या सर्वांचे उपकार मोठे. तरी माझ्या मते त्यांत एक गोष्ट राहून गेली: काम बाई करी आणि वही दुसरे कोणी ठेवी, मग ते कितीही दयाळू का असेना. ती वही बाईच्या हाती आली ती १५ मार्च १९५९ ला, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर. सात गुजराती बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पुड्या केल्या. लिज्जत पापडाची ही कथा जाहिरातीसारखी इतकी वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातले मर्म झिजले. मर्म भांडवलाच्या लहानपणात नाही. लाटणारी प्रत्येकजण मालकीण, नफा-तोटा सगळ्यांचा, हे त्यांनी ठरवले त्यात आहे. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, त्याचाही पाया हाच: सावकाराचे कर्ज नको, बँकेचे हवे, आणि ते बाईच्या नावावर.

लेसला मात्र असे कोणी भेटले नाही. पापड सगळ्यांना लागतो; लेसवाचून कोणाचे अडत नाही.

आता त्या तोरणांकडे येते. लेस विणून झाली की ती खळीत बुडवून, गादीवर ताणून, कडेकडेने टाचण्या लावून वाळवावी लागते. नाहीतर ती सुरकुतते आणि नक्षी उमलत नाही. टाचण्या पितळी हव्यात. त्या पावसाळ्यात आईने, घरात होत्या म्हणून, साध्या लोखंडी टाचण्या लावल्या. हवा ओली, दोन दिवस लेस वाळली नाही. काढून पाहते तो आठही तोरणांवर टाचणीगणिक गंजाचा तांबूस ठिपका. व्यापाऱ्याने माल परत केला आणि दोऱ्याचे पैसे कापले. त्याच्या जागी दुसरा असता तरी त्याने तेच केले असते.

आई दोन दिवस त्या तोरणांकडे बघत बसली. गंजाचा डाग लिंबाने जातो म्हणतात. तेही करून झाले. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या चित्रकलेच्या पेटीतला लाल रंग घेऊन एका डागावर टिपका दिला. तो रंग पाण्याचा, दोऱ्यातून झरझर पसरला आणि डागाहून मोठा डाग झाला. मग शेजारच्या मुलीने कापडावरच्या रंगाच्या बाटल्या आणून दिल्या. इथे आईने जे शोधून काढले ते मी आज वर्गात शिकवते. लेस आधी खळीने कडक करून पूर्ण वाळवावी, म्हणजे रंग दोऱ्यात धावत नाही. रंगात पाणी जवळजवळ घालूच नये. कुंचला अर्धा कोरडा ठेवून दोऱ्याच्या पाठीवरून नुसता फिरवावा, दाबू नये. भोके बुजली की लेस मेली. बुजलेच तर ओले असतानाच फुंकर मारावी. रंग वाळल्यावर उलट बाजूने, मध्ये जुने धोतर घालून, इस्त्री फिरवावी; त्याने रंग पक्का होतो. प्रत्येक डागावर एक पाकळी आली, आणि पाकळ्या जुळवण्यासाठी मध्ये वेल आली. डाग कुठे होते ते आईशिवाय कोणाला ओळखता येईना.

व्यापाऱ्याला ती दाखवायला न्यावीत असे बाबा म्हणाले. आई म्हणाली, "त्याने पैसे कापले. आता ती माझी." आणि ती ट्रंक घेऊन बुधवारी रस्त्यावर जाऊन बसली. व्यापारी एका तोरणाचे नऊ रुपये देत असे. आईने पस्तीस सांगितले. हा आकडा कुठून आणलास, असे मी तिला पुष्कळ वर्षांनी विचारले. ती म्हणाली, समोरच्या मेणबत्तीवालीने एका मेणाच्या घराचे किती सांगितले ते ऐकले, आणि त्या घराला लागणारा वेळ मनात धरला. ते घर साच्यातून निघते, माझे नाही. सहा तोरणे गेली. दोन आण्टींनी घेतली, पैसे देऊन. फुकट घ्यायला त्या तयार होईनात. "तूं पयसे घे, वहिनी. ना तर उद्यां सगळीं फुकट मागतलीं," असे त्यांचे म्हणणे. तशी आठही गेली. दिवाळीला पंधरा दिवस होते. त्या वर्षी आमच्या घरी चकल्या झाल्या.

पुढे मोठे काही झाले नाही. आईचा कारखाना निघाला नाही. व्यापाऱ्याचे काम ती करतच राहिली, कारण रंगीत तोरणे गणपती ते दिवाळी एवढीच खपत. पण त्या तीन महिन्यांची वही ती स्वतः लिही. ती वही माझ्याजवळ आहे. डावीकडे दोरा, रंग, टाचण्या (पितळी!), उजवीकडे मिळालेली रक्कम, आणि मध्ये एका उभ्या रांगेत नुसते आकडे: ९, ११, ८, १४. ते तास आहेत. कोणी शिकवले नव्हते.

माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबले ते त्याच दिवसांमुळे. पण शिवणाची परीक्षा दिली, शाळेत लागले, आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागले. गेली काही वर्षे शाळेच्या जुन्या मुलींपैकी सहाजणी आणि मी मिळून रंगीत लेस करतो आणि दिवाळीआधी दादर-शिवाजी पार्ककडच्या प्रदर्शनांत एक टेबल घेतो. टेबलाचे भाडे हाच आमचा सगळ्यात मोठा खर्च. दोरा आणि रंग त्यापुढे काहीच नाहीत. किमतीच्या चिठ्ठीवर किमतीखाली आम्ही तास लिहितो. त्यावरून रोज वाद होतो. एक गृहस्थ चष्मा वर करून म्हणाले, "अहो, तास कशाला लिहिता? बाजारात मशीनची लेस मीटरवर मिळते." मी म्हटले, "मिळते की. १८०९ पासून." त्यांना विनोद कळला नाही, आणि माझे गिऱ्हाईक गेले. सहाजणींनी मला त्या दिवसापासून गल्ल्यावर बसवले आहे, बोलायला नाही.

एक सांगायचे राहिले. २०११ च्या जनगणनेचे काम शिक्षक म्हणून माझ्याकडे आले. फेब्रुवारीत, शाळा सुटल्यावर, कागद घेऊन मी माहीमच्या गल्ल्यांतून दार ठोठावीत हिंडले. एका घरात सून उंबऱ्याशी बसून लेस विणत होती. कामाचा रकाना आला. सासूबाई म्हणाल्या, "ती काही करत नाही. फावल्या वेळात आपलं हे." मी विचारले, "फावला वेळ म्हणजे किती?" सून बोटांवर मोजू लागली. दुपारचे तीन, रात्री जेवणे झाल्यावर अडीच. वर्षातून किती महिने? पावसाळ्यात दोरा चिकटतो म्हणून थोडे कमी, नाहीतर बारमाही. मी 'घरगुती उद्योग' असे नोंदवले. तिचा नवरा आतून बाहेर आला आणि म्हणाला, "बाई, याच्याने रेशनकार्डाला काही होणार नाही ना?" मी नाही म्हटले. सूनबाई माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होती.

आमची गल्ली दुसऱ्या शिक्षकांकडे होती. संध्याकाळी घरी आले तो आई खिडकीशी बसून विणत होती. गणनेचे मास्तर दुपारी येऊन गेले म्हणाली.

"तुझं काय लिहिलं त्यांनी?" मी विचारले.

"सांगितलं, घरीच असते म्हणून."

मी चिडले. आईने मान वर केली नाही. "तू मला सांगत होतीस ना, पण त्या वेळी मी खांब मोजत होते," ती म्हणाली. "एकवीस झाले होते. बोलत बसले असते तर चुकले असते."